आत्याला नाही म्हणत नाहीत

सिडनी, ६ मार्च १९८८

लोसालिने,

हे पत्र आधी तू बसून वाच, मग कलाफीला सांग. तो माझा सख्खा भाऊ असला तरी बहिणीच्या तोंडून ओठ, दात, टाळू असले विषय ऐकायचे म्हणजे तो छपराकडे बघत बसेल, आणि मलाही त्याला ते सांगवणार नाही. अशा वेळी भावजय कामाला येते. तुझ्या खांद्यावर बंदूक ठेवतेय असं समज.

आमच्या हॉस्पिटलच्या डॉक्टर हॅरॉप दरवर्षी एक पथक घेऊन कुठल्या ना कुठल्या बेटांवर जातात. फाटक्या ओठांची, भाजून आखडलेल्या हातांची, चिकटलेल्या बोटांची मुलं फुकट नीट करून देतात. यंदा जूनमध्ये ते पथक आपल्या टोंगात, राजधानी नुकुआलोफाच्या हॉस्पिटलात येतंय. ऑपरेशन थिएटरची नर्स म्हणून मी नाव दिलंय. पगार नाही, रजा माझीच खर्ची पडणार. आमच्या मेट्रनबाईंनी विचारलं, घरीच जायचंय तर सरळ सुट्टी काढून जा की, सेवेचं निमित्त कशाला? मी म्हटलं, सुट्टीत गेले तर मला नुसती भाजलेली डुकरं खायला घालतील, पथकाबरोबर गेले तर माझ्या भाचीचा ओठ शिवला जाईल. बाईंनी रजा लिहून दिली.

तर सियालेला घेऊन ये. ही विनंती नाही. मी तिची आत्या आहे, आणि भावाच्या घरातून हवं ते उचलून न्यायचा हक्क आपल्याकडे आत्याला आहे. लोकांच्या आत्या चटया नेतात, मी एक फाटका ओठ नेईन म्हणते. फोलाऊदादालाही वेगळं पत्र टाकलंय. घरात मोठा तो, त्याच्या कानावर घालायला हवं. तो नाही म्हणणार नाही. बहिणीला नाही म्हणेल असा भाऊ त्या बेटावर अजून जन्मायचाय.

तान्ही असताना तिला धड ओढता येत नव्हतं, दूध नाकातून यायचं. तू चमच्याने पाजून पोर जगवलीस. आता पुढचं मला करू दे.

मेलेआने

*

हाआपाई, ९ एप्रिल

मेलेआने वन्सं,

पत्र पोचलं. ह्यांना सांगितलं. हे अंगणात जाऊन उभे राहिले, बऱ्याच वेळाने आत आले आणि म्हणाले, ताई म्हणतात तर तसंच. तुमच्या पत्रावर ह्यांचं बोलणं एवढंच असतं, तुम्हाला ठाऊक आहे.

मोठ्या भाऊजींनीही हो म्हटलंय. जेवणाआधी सगळ्यांसमोर तुमचं पत्र वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाले, माझ्या बहिणीचा शब्द खाली पडणार नाही. तेव्हा काळजी नसावी.

मला थोडं विचारायचंय. भूल दिल्यावर मूल घाबरतं का? टाके कायमचे दिसतात का? आणि तिचं बोलणं लोकांना कळायला लागेल का? आत्ता ते मला कळतं, ह्यांना अर्धं कळतं. बाकीचे माझ्याकडे बघतात. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. पोटुशी असताना मी घरच्यांपासून लपवून खाल्लं म्हणून पोरीचा ओठ असा झाला, हे सासूबाई सांगायच्या, आता गाव सांगतं. मी लपवून काही खाल्लं नाही वन्सं. लपवून खायला या घरात उरतं काय?

मेचा पहिला रविवार जवळ आला. सगळी मुलं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये वचनं म्हणतील. भाऊजी चर्चचे कारभारी, कुणी म्हणायचं ते तेच ठरवतात. सियालेचं नाव यंदाही नाही. तरी मी तिला वचन शिकवतेय. शिकलेलं वाया जात नाही.

तुमची भावजय,
लोसालिने

*

सिडनी, २३ एप्रिल

लोसालिने,

बघ, मी म्हटलं नव्हतं? फोलाऊ तोंडाने कडक, पण आतून लोणी. डोळे पुसले म्हणतेस, मलाही इथे बसून रडू आलं. त्याला माझं प्रेम सांग, म्हणजे हावभावाने सांग, शब्दांनी नको.

आता नीट ऐक. १३ जूनच्या सोमवारी हॉस्पिटलात सगळ्या मुलांची तपासणी आहे. सर्दी, खोकला, ताप काही नको. त्या दिवशी जी मुलं आली त्यांतूनच आठवड्याची ऑपरेशनं ठरणार. उशिरा आलेल्याला जागा नाही, आणि पथक टोंगाला पुन्हा कधी येईल हे डॉक्टरांनाही माहीत नाही. माझ्या नात्यातली म्हणून तिला पुढे घेणार नाहीत, हेही आधीच बजावलंय. मी म्हटलं पुढे घेऊ नका, रांगेत उभं राहू द्या म्हणजे झालं.

भूल म्हणजे झोप. मी शेजारी असेन. टाक्यांची रेघ राहते, पण लोक बघतील तेव्हा रेघ बघतील, भोक नाही. टाळूही शिवणार आहेत. बोलणं लगेच सुधारत नाही, जिभेला शिकवावं लागतं. पण आधी छप्पर तर घालू, मग घरात कोण काय बोलतं ते बघू.

मेलेआने

*

हाआपाई, ४ मे

वन्सं,

मागच्या पत्रात मी तुम्हाला पुरतं सांगितलं नाही. घरातली गोष्ट बाहेर काढू नये म्हणून गप्प बसले होते. आता बसत नाही.

भाऊजींचा होकार तुमच्यापुरता होता. पत्र घडी करून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जाऊन बोटीच्या तांडेलाला सांगून आले की माझ्या भावजयीला आणि पोरीला जूनमध्ये घ्यायचं नाही. मी विचारलं तर म्हणाले, बहिणीला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हटल्याप्रमाणे करताही येत नाही, बोट चुकली की प्रश्न मिटला. त्यांना वाटतं मुलीला नुकुआलोफाला नेलं की आपल्या घराण्यात असं मूल आहे हे साऱ्या राज्याला कळेल. इथे झाकलंय तेवढं बरं. तुमच्या तोंडाला पानं पुसली आणि वर डोळे पुसले, दोन्ही एकाच रुमालाने.

म्हणून परवाच्या रविवारी मी एक काम केलं. माझ्या पेटीकोटाचा पांढरा झगा शिवला, सियालेला घातला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. मुलं एकेक करून पुढे जाऊन म्हणत होती. शेवटचा मुलगा खाली बसल्यावर भाऊजी आशीर्वादासाठी उठले, तेवढ्यात मी तिचा हात धरून मधल्या वाटेने पुढे गेले. हे माझ्याकडे बघत राहिले. मी तिला उभं केलं आणि म्हटलं, म्हण.

तिने म्हटलं. सबंध. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' पासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता. शब्द कुणाला कळले नसतील, पण वचन सगळ्यांना पाठ असतं, ती कुठे आहे ते कळत होतं. पुढच्या बाया रडायला लागल्या. एक म्हातारा हसला, त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. भाऊजी आशीर्वाद न देता बाजूच्या दाराने निघून गेले.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. छाती आवळून बसतात, जेवण परत पाठवतात. मी त्यांच्यासाठी नारळाच्या दुधातली भाजी करून नेते, तीही परत येते. येऊ दे. मी जूनमध्ये येणार. तांडेल नेणार नसेल तर मासेमाऱ्यांच्या होडीने मोठ्या बेटापर्यंत जाईन आणि तिथून पुढची बोट धरेन.

लोसालिने

*

सिडनी, २० मे

लोसालिने,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात मोठ्याने हसले आणि मग चिडले. शाब्बास. त्या चर्चमध्ये इतक्या वर्षांत कुणी न ठरवता पुढे गेलं नव्हतं.

फोलाऊच्या छातीचं मनावर घेऊ नकोस. मनासारखं झालं नाही की छाती धरायची ही त्याची लहानपणापासूनची नाटकं. खोबरं वाटून मिळालं नाही तरी धरायचा. त्याला वाचून दाखव: मेलेआने म्हणते, तुझा होकार मी सोन्याचा समजत होते, तो पितळेचा निघाला. जूनमध्ये येऊन तोंडावर सांगेन. बहिणीने भावाच्या समोर बसायचं नसतं तर पाठ करून बसून सांगेन.

होडीने ये. कसंही ये.

मेलेआने

*

हाआपाई, १० जून

वन्सं,

हे पत्र विमानाने जाणाऱ्या मास्तरांच्या हाती देतेय, तुम्ही उतरलात की हॉस्पिटलात मिळेल. रेडिओवरही सांगतील, पण रेडिओआधी माझ्याकडून कळावं.

मोठे भाऊजी काल सकाळी गेले. मळ्यात रताळी उकरताना खाली बसले आणि उठले नाहीत. तुमचं शेवटचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं, हे तुम्हाला कळलेलं बरं.

त्यांचं दफन थांबवून ठेवलंय. तुम्ही आल्याशिवाय माती देता येत नाही. डोक्यापाशी बसायचा मान तुमचा, ती जागा मोकळी ठेवून सगळे वाट बघतायत. आम्ही धाकट्या भावाकडचे, खालच्या नात्याचे. माझ्या अंगावर गुडघ्याखाली येणारी फाटकी चटई गुंडाळलीय, चालता येत नाही. आम्ही मागे भट्टीच्या खड्ड्यापाशी, रांधायचं आणि घरात पाऊल टाकायचं नाही. सुतक सरेपर्यंत असंच. सियालेचे केस उद्या कापतील.

सोमवारची तपासणी आता हुकणार. मी होडी ठरवली होती. आता सुतकातून उठून गेले तर लोक मला समुद्रात ढकलतील, आणि त्यांना कारणही मिळालंय. सगळे म्हणतायत, पोरीने चर्चमध्ये जी लाज काढली ती भाऊजींच्या छातीत बसली. सहा वर्षांच्या मुलीकडे बोट दाखवून म्हणतायत. मी नुसती लाकडं सारली.

मी हरलेले नाही. पण मला चुलीला बांधून घातलंय.

लोसालिने

*

नुकुआलोफा, १४ जून

लोसालिने,

काल माझ्या भावाला माती दिली आणि आज तुझी मुलगी माझ्यापाशी हॉस्पिटलच्या पलंगावर उकडलेलं अंडं खातेय. तू मागे भट्टीपाशी होतीस, आत काय झालं ते तुला कुणी तिखटमीठ लावून सांगितलं असेल. मी सांगते ते खरं.

मी फोलाऊच्या उशाशी दोन रात्री बसले. पितळेचं सोन्याचं सगळं मनात होतं, पण मेलेल्या भावाशी भांडता येत नाही, नुसतं रडता येतं, ते मी केलं. दफन झाल्यावर माझ्यापुढे मानाच्या वस्तू आणून ठेवायला लागले. बारीक विणीच्या चटया, सालीच्या कापडाच्या गुंडाळ्या, भाजलेली डुकरं. आता घरात मोठे म्हणून मानूकाका घराच्या वतीने बोलले की मेलेआने, भावाच्या घरचं हे सगळं तुझं, अजून काही हवं असेल तर सांग. ही बोलायची रीतच आहे, कुणी काही सांगत नाही. मी सांगितलं.

'यातलं मला काही नको. मला कलाफीची सियाले हवी. आत्ता, संध्याकाळच्या बोटीआधी.'

 मानूकाका म्हणाले की पोर सुतकात आहे. मी म्हटलं, सुतक माझ्या भावाचं आहे, सोडवायचा हक्क माझा. ते म्हणाले, पण लोक त्या पोरीबद्दल काय म्हणतात ते तू ऐकलंस ना?

'ऐकलं. पोरीने वचन म्हटलं आणि माणूस मेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. महिनाभर छाती धरून बसलेला माणूस आजारी असतो, हे नर्स असून मला कळलं नाही. मी त्याला नाटकी म्हटलं. कुणाला दोष द्यायचाच असेल तर ही मी बसलेय. पोरीचं नाव घ्यायचं नाही. आणि मला नाही म्हणायचं असेल तर मोठ्याने म्हणा, त्याची माती ओली आहे तोवर.'

कुणी म्हटलं नाही. आत्याला नाही म्हणत नाहीत. कलाफी दाराबाहेर मान खाली घालून उभा होता, तो गेला आणि मुलीला घेऊन आला. मी मानाच्या जागेवरून उठले. सुतक सरण्याआधी ती जागा सोडणारी त्या गावातली मी पहिलीच. मागे बायका कुजबुजत होत्या की हिला पुन्हा कोण बसवणार. नका बसवू.

इथवर मी जिंकत आले, लोसालिने. पुढे गाडी अडली.

तपासणी होऊन गेली होती, पण एका मुलाला ताप आल्यामुळे शनिवारी शेवटची एक जागा रिकामी आहे. डॉक्टर हॅरॉपनी सियालेला तपासलं. ओठ आणि टाळू दोन्ही होईल म्हणाल्या. केस कापलेले बघून भूल देणारा खूश झाला. मग मी सही करायला पेन उचललं, तर बाईंनी माझा हात धरला आणि विचारलं, आई कुठे आहे?

मी म्हटलं, आमच्यात आत्या आईच्या वर असते.

'असेल. माझ्या टेबलावर आई लागते. तिला विचारलंस का?'

मी पेन खाली ठेवलं. उभं आयुष्य मी आयांच्या सह्या घेत आले. घाबरलेल्या, अडाणी, इंग्रजी न येणाऱ्या, सगळ्यांना समजावून. आणि तुला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. भावाच्या घरात मागायचं आणि न्यायचं, आईला विचारतात हे आपल्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी क्षमा मागायला लिहीत नाहीये, सही मागायला लिहितेय. शनिवारच्या आत ये. चुलीवरून उठ.

मेलेआने

*

हाआपाई, १५ जून

वन्सं,

पत्र विमानातून पुढे पाठवतेय, मी बोटीने मागून येतेय.

तुम्ही सियालेला ऑपरेशनासाठी नेलंत हे मला आत्ता, तुमच्या पत्रातून कळलं. इथे सगळ्यांना वेगळंच कळलंय. आत्याने मानाच्या जागेवरून मूल मागितलं म्हणजे मूल दिलं, दत्तक दिलं, ती आता सिडनीची. बायका भट्टीपाशी येऊन माझी पाठ थोपटून गेल्या, नशीब काढलं पोरीने म्हणाल्या. ह्यांनी तिची झोपायची चटई स्वतः गुंडाळून शेजारच्यांना दिली. मी विचारलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत? म्हणाले, ताईंना काय बोलणार? दोन दिवस मी ती तुमचीच समजून लाकडं सारत होते. केस कापल्यावर तिला बाकीच्या मुलांत नेलं, तेव्हा मी माझी मुलगी शेवटची पाहिली.

सही करेन. पण तुम्ही तिला सगळ्यांसमोर मागितलंत, आता सगळ्यांसमोर परत द्यायची. नाहीतर तिचा ओठ असाच राहू दे, मला तो चालतो.

अंगावरची चटई काढून चुलीपाशी ठेवलीय. मानूकाका आडवे आले होते. मी म्हटलं, वन्सं उठल्या तेव्हा तुम्ही बसून राहिलात, आता मी उठतेय तर उभे कशाला राहता?

लोसालिने

*

सिडनी, ११ सप्टेंबर

लोसालिने,

तू पाठवलेला फोटो आला. कपाटाच्या दारावर लावलाय. रेघ छान भरलीय, डॉक्टर हॅरॉपना दाखवला तर त्यांनी आपलेच टाके चष्मा लावून तपासले.

मी शब्द पाळला की नाही? नुकुआलोफाच्या धक्क्यावर, बोटीत चढणाऱ्या सगळ्या हाआपाईकरांसमोर म्हटलं, ही लोसालिनेची मुलगी, मी उसनी नेली होती, परत करतेय. मानूकाकांची सूनही होती, तिने गावात सांगितलंच असेल.

आता मी तुला विचारतेय. कलाफीला नाही, मानूकाकांना नाही, तुला. टाळू बंद झाली, पण हवा नाकातून सोडायची सवय जिभेला लागलेली आहे, ती आपोआप जात नाही. इथे आमच्या हॉस्पिटलात मुलांना बोलायला शिकवणारी एक बाई आहे. एक वर्ष सियालेला माझ्याकडे पाठव. शाळेत घालीन, रोज तिच्याकडे नेईन. वर्षाने स्वतः आणून सोडीन. माझं घर मोठं आणि माणूस एकच. मला ती इथे हवी आहे, हेही लिहून टाकते, म्हणजे मागाहून लपवलं असं नको.

मेलेआने

*

हाआपाई, ९ ऑक्टोबर

मेलेआने वन्सं,

नाही.

हा शब्द लिहिला आणि पत्र दोन आठवडे तसंच पडून होतं. गावात कळलं तेव्हा मानूकाका येऊन बसले. म्हणाले, आत्या मुलीचं भलं करायला निघालीय आणि तू, खालच्या बेटावरून आलेली, तिला नाही लिहितेस? मी म्हटलं, हो लिहिणारे या घरात पुष्कळ झाले. भाऊजींनी हो म्हटलं आणि तांडेलाला जाऊन भेटले. हे हो म्हणाले आणि पोरीची चटई उचलून दिली. वन्सं, तुम्हाला सगळे मान देतात आणि कुणीच खरं सांगत नाही. तुम्ही त्याला प्रेम समजत आलात.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्हाला ती हवी आहे. ती हवीशी वाटण्यासारखीच आहे. पण सहा वर्षं लोक माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे उलट बघत होते, तिला मध्ये येऊ न देता. आता कुठे लोक तिच्याकडे सरळ बघतात. दुकानदार तिला विचारतो, काय हवं? ती सांगते, त्याला कळत नाही, ती पुन्हा सांगते. तिसऱ्यांदा कळतं. ते बघायला मी इथे असणार. ते मी तुम्हालासुद्धा देणार नाही.

बोलायला शिकवायचं असेल तर इथे शिकवा. ती बाई येत नसेल तर तुम्ही तिच्याकडून शिकून या आणि मला शिकवा. मला एकदा दाखवलं की येतं. चमच्याने पाजायला मला कुणी शिकवलं होतं?

तुम्ही रागवाल. रागवा. नाही म्हणणारी भावजय तुम्हाला सोसत नसेल तर पत्र लिहू नका, मी तिला तुमचं नाव सांगत राहीन.

खाली दुसरं नाव आहे ते ह्यांचं. मी सही करा म्हटलं नव्हतं. पत्र वाचून अंगणात गेले, परत आले आणि पेन मागितलं.

लोसालिने
कलाफी

*

सिडनी, २ नोव्हेंबर

लोसालिने,

मी रागावले. तुझ्याशी मनातल्या मनात इतकी भांडले की थिएटरात डॉक्टरांनी एक हत्यार मागितलं आणि मी दुसरंच दिलं.

चौथ्या दिवशी त्या शिकवणाऱ्या बाईकडे जाऊन बसले. आता रोज कामावरून सुटल्यावर जाते. नाक चिमटीत धरून 'पा' म्हणायला मला शिकवते, आणि वॉर्डातली मुलं मला हसतात.

जानेवारीच्या दुसऱ्या बोटीने येतेय. रजा बिनपगारी, महिनाभराची. मानाच्या जागेवर बसवणार नाहीत ते मला ठाऊक आहे, तुझ्या चुलीपाशी जागा कर. सियालेच्या अगोदर तुला शिकवायचंय, म्हणजे मी गेल्यावर तू शिकवशील.

कलाफीला सांग, माझ्या भावाने मला पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं, ते मी जपून ठेवलंय. तुम्ही फोलाऊसारखं हो म्हटलं असतं, तर मी सिडनीच्या विमानतळावर नुसती वाट बघत बसले असते.

मेलेआने